सव्वासहा रुपयांचे कुलूप

दसऱ्याच्या दिवशी जळगावच्या एखाद्या जिनिंगमध्ये गेलात तर मोठे प्रसन्न दृश्य दिसते. एरवी कानठळ्या बसवणारी यंत्रे त्या दिवशी गप्प असतात. जिनांच्या रांगेला झेंडूच्या माळा, मोटरीला हळदकुंकू, पट्ट्यावर गंधाची पाच बोटे. मालकांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे एका जागी उभे राहतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि मालक डोळे मिटून म्हणतात, "हंगाम सुखरूप जाऊ दे."

कापसाच्या धंद्यात कारकुनी करताना ही प्रार्थना मी छत्तीस हंगाम ऐकली. पहिला हंगाम जळगावला, पुढचे बरेचसे धुळ्याला. मी यंत्राला हात लावणारा माणूस नव्हतो. माझे हत्यार म्हणजे टाक आणि वही. पण यंत्राने माणूस कसा जायबंदी होतो, हे मला फिटरइतकेच नीट कळले आहे. कारण एका बाईचा हात जाण्यात माझ्या वहीचा वाटा होता. ही हकीगत मी घरी एकदाच सांगितली आहे. आज वाचकांना सांगतो.

ओट्याखालची गल्ली

सन १९७७. मी बी. कॉम. होऊन जळगावच्या एका जिनिंगमध्ये नुकताच लागलो होतो. नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. त्या काळी राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना चालू होती. शेतकऱ्यांच्या गाड्या आवाराबाहेर रात्र रात्र उभ्या राहात आणि आत कापसाचे ढीग दुमजली घराएवढे उंच होत. जळगाव म्हणजे कापूस, हे समीकरण काही आमच्या वेळचे नव्हे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, भाव भडकले आणि आगगाडीच्या रस्त्यावरचे हे गाव बघता बघता पेठ झाले.

ज्यांनी जिन पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जिनांची रांग एका उंच ओट्यावर बसवलेली असते. बायका वर उभ्या राहून जिनाला कापूस लावतात. चामड्याच्या रुळाला चिकटून रुई पुढे येते आणि सरकी खाली, ओट्याच्या पोटात पडते. आमच्या जिनिंगमध्ये त्याच पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक लोखंडी दांडा फिरत असे. त्याला म्हणतात लाइनशाफ्ट. सगळे जिन पट्ट्यांनी त्याच एका शाफ्टवर चालत. म्हणजे जिथे सरकी साचते, तिथेच मरण फिरत असते.

हे काही गुपित नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला आडोसा सक्तीचा केला होता. राज्याच्या नियमांत तर जिनिंगसाठी मुद्दाम सांगितले होते, की जमिनीखालचा शाफ्ट सलग भिंतीने किंवा चढता न येणाऱ्या कुंपणाने बंद करावा, सरकी काढण्यापुरती आणि तेल घालण्यापुरती दारे ठेवावीत, आणि ती दारे बंद करून कुलूप लावून ठेवावीत. कुलूप हा शब्द नियमातच आहे. आमच्याकडेही भिंत होती, दार होते आणि कुलूप होते.

जानेवारीत ते कुलूप मोडले. फिटर चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला : नवे कुलूप, सव्वासहा रुपये. बाईमाणसाच्या त्या वेळच्या दीड दिवसाच्या मजुरीएवढी ही रक्कम. नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी आमच्या दिवाणजींनी मला गुरुमंत्र दिला होता, "खर्चाची चिठ्ठी आली की ती आधी दोन दिवस झोपू द्यावी. निम्म्या चिठ्ठ्या झोपेतच मरतात." मी आज्ञाधारक होतो. चिठ्ठी सळईला टोचली आणि म्हणालो, "किरकोळ खरेदी महिनाअखेरीस." जानेवारीची महिनाअखेर झाली, फेब्रुवारीचीही झाली. फिटरने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. त्यालाही नोकरी करायची होती.

मार्चमध्ये हंगाम ऐन भरात आला. एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओट्याखाली सरकी तुंबली. सरकी तुंबली की जिन अडतो, जिन अडला की मुकादम ओरडतो. शाफ्ट थांबवून सरकी काढायची तर सगळी रांग थांबणार आणि निदान अर्धा तास जाणार. मुकादम एका बाईला म्हणाला, "जा, आत जाऊन ओढून घे." दार नुसते लोटलेले होते. ती वाकून आत गेली. लुगड्याचा पदर शाफ्टने धरला.

पुढचे वर्णन सणाच्या अंकात मी करणार नाही. मोटरीचे बटण इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होते. फिटर धावत तिथवर पोचेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढा पुरला. तिचा उजवा हात डॉक्टरांना कोपराखाली काढून टाकावा लागला. जीव वाचला, हे त्यातल्या त्यात नशीब.

माझे सुंदर अक्षर

अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ माणूस कामावर येऊ शकणार नाही अशी इजा झाली, की कारखान्याला ती सरकारात कळवावी लागे आणि अपघातांच्या वहीत नोंदवावी लागे. माझे अक्षर चांगले, म्हणून वही माझ्याकडे. दिवाणजींनी सांगितले आणि मी लिहिले : "सदर स्त्री कामगार ताकीद असूनही, बंद दार स्वतः उघडून, चालू यंत्राजवळ गेली. अपघाताचे कारण : स्वतःचा निष्काळजीपणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई बाजारातून नवे कोरे कुलूप घेऊन आला. दोन महिने झोपलेली चिठ्ठी पाच मिनिटांत मंजूर झाली. मात्र व्हाउचरवर तारीख पडली जानेवारीची. तीही माझ्याच अक्षरात. चार दिवसांनी इन्स्पेक्टरसाहेब आले. कुलूप हातात घेऊन त्यांनी विचारले, "हे केव्हाचे?" मी व्हाउचर पुढे केले. साहेबांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिले. कागदापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

त्या एका वाक्याने काय केले, हे मला फार उशिरा समजले. आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. साधा निष्काळजीपणा झाला म्हणून भरपाई बुडत नाही, इतका तो कायदा उदार होता. माणूस थकतो, चुकतो, हे त्यात गृहीत धरले होते. पण तीन गोष्टींना माफी नव्हती : दारूची नशा, सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे, आणि यंत्राचा आडोसा मुद्दाम काढणे. अपघातात मृत्यू आला तर ही सबब चालत नसे. हात गेला तर चालत असे. म्हणजे "ताकीद असूनही" आणि "स्वतः उघडून" हे माझे शब्द सहज सुचलेले नव्हते. दिवाणजींनी कायदा वाचलेला होता. मी वाचला नव्हता.

कामगार विम्याचा आधार तरी? तोही नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते आणि त्या हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाच्या जिनिंगचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. बाईला माणुसकी म्हणून तीनशे रुपये देण्यात आले. पावतीवर अंगठा डाव्या हाताचा घ्यावा लागला.

चार महिन्यांची पळवाट

ही माझ्याच जिनिंगची कहाणी असती तर ती मी छापायला दिली नसती. पण पुढे वाचनाचा नाद लागला, तेव्हा आढळले की ही खानदेशची फार जुनी कहाणी आहे.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसे असतील आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक काळ काम चालत असेल, तोच कारखाना, असे त्याने ठरवले. आमचे जिन चालत कापसाच्या हंगामापुरते. त्यामुळे मुंबईच्या गिरणीतल्या यंत्राला कायद्याचा आडोसा मिळाला आणि खानदेशातल्या जिनाला मिळाला नाही. मग १८८४ साली मुंबई सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला. खानदेशातल्या जिनिंगच्या एका व्यवस्थापकाने त्याच्यापुढे जी साक्ष दिली, ती वाचून अंगावर काटा येतो. मार्च-एप्रिलच्या घाईत जिन रात्रंदिवस चालत, संध्याकाळी अर्ध्या तासाची काय ती विश्रांती. तीच माणसे, त्याच बाया, आठ आठ दिवस सलग कामावर असत. अशा माणसाचा पदर यंत्रात गेला तर त्याला निष्काळजीपणा म्हणायचे?

त्याच वर्षी, १८८४ मध्ये, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगाकडे गेला. लोखंड्यांमुळे रविवारची सुट्टी मिळाली, एवढे आपण शाळेत शिकतो. पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती आणि ती आपण विसरलो आहोत : कामावर इजा झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची व्यवस्था करावी. सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडले. आणि चार महिन्यांची पळवाट १९११ च्या कायद्याने बुजवली, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी. त्या तीस हंगामांत किती हात गेले असतील, त्याची वहीच नाही.

कारण लिहितो कोण?

अपघाताच्या शास्त्रावरचे एक गाजलेले पुस्तक १९३१ साली अमेरिकेत निघाले. लेखक हाइनरिक, एका विमा कंपनीतले गृहस्थ. त्यांनी सांगितले, की एका मोठ्या अपघाताच्या पाठीमागे एकोणतीस किरकोळ इजा असतात आणि तीनशे वेळा अपघात होता होता राहिलेला असतो. आकडे सगळीकडे असेच जुळतात असे नाही, पण मुद्दा मोलाचा आहे. मोठा अपघात अचानक येत नाही. तो आधी अनेकदा दार वाजवून जातो.

याच हाइनरिकसाहेबांनी आणखी एक हिशेब मांडला : शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या चुकीने होतात, दहा यंत्राच्या दोषाने आणि दोन दैवाने. हा आकडा जगभर गाजला आणि सगळ्या मालकांना गोड लागला. पुढे अभ्यासकांनी विचारले, की ही माहिती आली कोठून? तर विम्याच्या दाव्यांचे कागद आणि कारखानदारांच्या नोंदी यांतून. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. त्या नोंदी कोण लिहीत असेल, हे मला वेगळे सांगायला नको होते. सुंदर अक्षराचे कारकून काही फक्त जळगावातच नसतात.

कुणी म्हणेल, एवढे कुलपाचे माहात्म्य कशाला? तर त्याची उलट बाजूही सांगतो. न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी शर्ट-पोलकी शिवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते, कारण कामगार कापड चोरून नेतील अशी मालकांना धास्ती. १४६ माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण मुली. रस्त्यावरून ते भीषण दृश्य पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या एक बाई होत्या. त्याच पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या आणि अनेक सुधारणा त्यांच्या हातून घडल्या. तिथे कुलूप होते म्हणून माणसे मेली. आमच्याकडे कुलूप नव्हते म्हणून हात गेला. तेव्हा कुलूप चांगले की वाईट, हा प्रश्नच नव्हे. किल्ली कुणाच्या शब्दावर फिरते, हा प्रश्न आहे. दोन्ही ठिकाणी दाराशी काम करणाऱ्या बायकांना त्या दाराबद्दल कुणी विचारले नव्हते.

भाजीबाजारातली भेट

पाच वर्षांनी, १९८३ साली, ती बाई मला जळगावच्या भाजीबाजारात भेटली. मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. डाव्या हाताने तागडी तोलत होती, वजने शेजारी बसलेली मुलगी टाकत होती. मी ओळख दिली. तिने मला ओळखलेच होते. मला काय झाले कोण जाणे, तिथेच उभ्या उभ्या मी तिला चिठ्ठीची, व्हाउचरची, वहीतल्या वाक्याची सगळी हकीगत सांगून टाकली. वाटले, ती शिव्या देईल. निदान रडेल तरी.

ती म्हणाली, "कुलूप नही, हाई बठासले माहीत व्हतं भाऊ. पन आमले कोन पुसस?"

आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

कुलूप नाही हे सगळ्यांनाच माहीत होते, पण आम्हाला कोण विचारतो? हाइनरिकपासून कायद्याच्या कलमांपर्यंत मी जे काही पुढे वाचले, ते सगळे या वाक्यावरचे भाष्य आहे असे मला वाटते. ज्याला धोका रोज दिसतो त्याला विचारत नाहीत, आणि ज्याला विचारतात त्याला धोका दिसत नाही.

सांगायची वही

मी नोकरी बदलून धुळ्याला आलो. तिथल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजींची खुर्ची यथावकाश माझ्याकडे आली. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या नव्या वह्यांत मी एक वही जास्त मागवली. शेठजींनी विचारले, "ही कसली?" मी म्हणालो, "सांगायची."

वहीचे नियम साधे होते. ज्याला जिथे धोका दिसेल त्याने कारकुनाला येऊन सांगावे. कारकुनाने सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे, नाव लिहू नये. पुढे दोनच रकाने : काय केले, आणि कोणत्या तारखेला. 'निष्काळजीपणा' हा शब्द या वहीत लिहायचा नाही.

शेठजी चतुर होते. म्हणाले, "उद्या ही वही कोर्टात गेली तर?" मी म्हणालो, "शेवटचे दोन रकाने भरलेले असतील तर ती आपल्याच बाजूने साक्ष देईल." त्यांना पटले की नाही, ठाऊक नाही. पण कापसाच्या धन्याला हातापायांपेक्षा आगीची भीती मोठी असते, आणि वहीत आगीचेही येईल म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. खरे ते सांगतो.

पहिले पंधरा दिवस कुणी फिरकले नाही. मग पाणी भरणाऱ्या पोरीने पहिली नोंद दिली : "आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांतल्या चार बादल्या चौकीदाराने म्हशीला पाणी पाजायला नेल्या आहेत." साऱ्या ऑफिसात हशा पिकला. पण बादल्या त्याच दिवशी परत आल्या आणि पोरीला कुणी रागावले नाही, हे बायकांनी पाहिले. दुसऱ्या आठवड्यात सात नोंदी झाल्या.

त्या वहीने मला जे शिकवले, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. कापसात गाडीचा खिळा, दगड, तारेचा तुकडा येतो; तो फिरत्या यंत्रावर आपटून ठिणगी पडते. म्हणून वाटेत लोहचुंबक हवे. बेअरिंगला तेल कमी पडले की ते तापते आणि त्यावर बसलेली रुईची धूळ आधी करपते, मग पेटते. करपल्याचा वास पहिल्यांदा झाडणाऱ्या बाईला येतो, इंजिनियरला नव्हे. दाबलेल्या गठाणीच्या पोटात ठिणगी गेली तर ती बाहेर न दिसता दिवसचे दिवस आत धुमसते, बायका हात लावून सांगत, "ही गठाण गरम लागते." ढिगाढिगांत मोकळी जागा नसेल तर एका ढिगाची आग सगळ्या आवाराची होते. कापूस फोडणारे 'ओपनर' यंत्र चालू असेल तिथे बायकामुलांना कामाला लावू नये, असे १९४८ च्या कायद्यात कलमच होते. मी ते वाचलेले होते. पण आमच्या ओपनरजवळची आडभिंत एका जागी फुटली आहे, हे मला वहीने सांगितले.

खर्च किती आला? एक लोहचुंबक, काही जाळ्या, पट्ट्यांना आडोसे, रांगेच्या दोन्ही टोकांना मोटर बंद करण्याची बटणे, आणि बायकांनी लुगड्यावरून घालायचे, मागे गाठ मारायचे जाडेभरडे अंगरखे. शेवटची सूचना बायकांचीच. पदर खोचून ठेवा असे आम्ही वर्षानुवर्षे ओरडत होतो. दिवसभर वाकणाऱ्या बाईचा पदर खोचलेला राहात नाही, हे एकाही पुरुषाच्या ध्यानात आले नव्हते.

अपघात संपले, असे मी म्हणणार नाही. एका पोऱ्याची दोन बोटे आमच्याकडेही गेली. पण त्या नोंदीत कारण लिहिले गेले : "जाळी दुरुस्तीसाठी काढली होती, पुन्हा न बसवता यंत्र चालू केले." त्याला भरपाई मिळाली आणि जाळी काढली की यंत्र सुरूच होऊ नये अशी सोय पुढच्या हंगामाआधी झाली. खरे कारण लिहिले की त्यावर उपाय करता येतो. 'निष्काळजीपणा'ला उपाय नाही. त्याला फक्त उपदेश आहे.

केकवरची फुलबाजी

वाचकहो, तुमच्यातल्या बहुतेकांचा जिनशी संबंध नाही. घरातली मंडळी बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत. तेव्हा हे सगळे आमच्या खानदेशापुरते, असे वाटणे साहजिक आहे.

पण गेल्या काही वर्षांत आमच्या धुळे जिल्ह्यात काय झाले, ते ऐका. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडी गावाजवळच्या रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि डझनाहून अधिक माणसे गेली. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात निजामपूरजवळ एका छोट्या कारखान्याला आग लागली आणि चार बायका जळून मेल्या. तिथे काय बनत होते? वाढदिवसाच्या केकवर लावतात ना, ती फुलबाजीसारखी तडतडणारी मेणबत्ती. त्याच वर्षी डिसेंबरात पिंपरी-चिंचवडच्या तळवड्याला तशाच मेणबत्त्यांच्या कारखान्यात तशीच आग लागली. तिथेही बळी गेल्या त्या बहुतेक बायकाच. नातवाच्या वाढदिवसाला ती मेणबत्ती माझ्याही घरी आलेली आहे. मी टाळ्या वाजवलेल्या आहेत.

कायदे मागे पडले आहेत असे नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात नवे प्रकरण आले. धोकादायक कारखान्यात मालक-कामगारांची सुरक्षा समिती असावी, आणि समोर धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराला हक्क असावा, असे त्यात ठरले. म्हणजे माझी वही कायद्यातच आली म्हणा ना! आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे. तिच्यात यंत्रशक्तीवर चालणारा 'कारखाना' ठरायला दहाच्या जागी वीस माणसे लागतात. हंगामी कारखाना राज्य विमा योजनेच्या बाहेर आहे तो आहेच. पूर्वी पळवाट महिन्यांची होती, आता ती माणसांच्या संख्येची आहे. चार-पाच बायका बसून मेणबत्त्या भरतात ती पत्र्याची खोली पहिल्या मोजमापात बसत नव्हती आणि दुसऱ्यातही बसत नाही.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. फलक लागतात, शपथा होतात, मुलांच्या चित्रांना बक्षिसे मिळतात. चांगलेच आहे. पण शपथ घ्यायला लावतात कामगाराला, आणि चिठ्ठी सळईला टोचून ठेवणारा कारकून टाळ्या वाजवत असतो. शपथ त्यालाही हवी. तो कारकून, हिशेबनीस, बँकेचा अधिकारी, विम्याचा एजंट, खरेदी करणारा दुकानदार आपल्याच घरांतून जातो. सव्वासहा रुपयांची चिठ्ठी शेवटी त्याच्याच टेबलावर येते. आज ती पाचशेची असेल, पाच हजारांची असेल. झोपते त्याच सळईवर.

म्हणून या लक्ष्मीपूजनाला माझी एक विनंती आहे. तुमचे दुकान असो, चार माणसांचे वर्कशॉप असो, सोसायटीची पाण्याची टाकी साफ करून घ्यायची असो, नव्या वह्यांबरोबर एक कोरी वही पूजेत ठेवा. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काम करणाऱ्याला बोलावून विचारा, "तुला इथे कशाची भीती वाटते?" तो पहिल्यांदा हसेल आणि "काही नाही" म्हणेल. पंधरा दिवस थांबा. पुन्हा विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि काय केले त्याची तारीख खरी घाला.

भाजीबाजारातल्या त्या बाईची मुलगी पुढे शिकली. ती माझ्या धुळ्याच्या ऑफिसात आली असे सांगता आले असते तर गोष्ट छान संपली असती; तसे काही झाले नाही. मायलेकींची पुन्हा गाठ पडली नाही. जळगावची ती अपघातांची वही रद्दीत गेली असेल. तिच्यातले वाक्य खोटे होते, एवढे तरी कुठेतरी छापून राहावे, म्हणून हे लिहिले.